जीर्णोद्धार झालेला कॉन्सर्ट हॉलमधील पाइप ऑर्गन ऐकवायचा असेल, तर कोणत्या रचना निवडाव्यात?

गिरगावची_पायपेटी (प्रश्न)

नमस्कार.

गिरगावात आमचा एक छोटा श्रवणगट आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही एका सभासदाच्या दिवाणखान्यात जमतो, दोन-सव्वादोन तास ध्वनिमुद्रणे ऐकतो आणि मग चहाबरोबर त्यांवर बोलतो. बहुतेक जण ख्याल आणि नाट्यसंगीतावर वाढलेले असल्यामुळे ऑर्गन म्हटले की त्यांना नाटकमंडळ्यांच्या साथीतला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. मी स्वतःही तोच वाजवतो. जानेवारीच्या बैठकीसाठी मात्र आम्ही पाइप ऑर्गन हा विषय घेतला आहे, आणि तोही चर्चमधला नव्हे, तर कॉन्सर्ट हॉलमधला, जीर्णोद्धारानंतरचा.

विषय सुचला तो लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील ऑर्गनमुळे. राल्फ डाउन्स यांच्या आराखड्यानुसार डरहॅमच्या हॅरिसन अँड हॅरिसन या पेढीने तो १९५४ साली बांधला. त्यात ७,८६६ पाइप आहेत. २००५ साली सभागृहाची मोठी दुरुस्ती सुरू झाली तेव्हा तो उतरवावा लागला. २००७ साली सभागृह पुन्हा उघडले त्या वेळी त्याचा सुमारे एक तृतीयांश भागच जागेवर बसला होता, आणि संपूर्ण वाद्य ऐकण्यासाठी श्रोत्यांना मार्च २०१४ पर्यंत वाट पाहावी लागली. एवढ्या प्रतीक्षेनंतर वाद्य पुन्हा लोकांसमोर आणताना काय वाजवावे, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

अशा प्रसंगांच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या, तर त्यांत बाखशेजारी विसाव्या शतकातली रचना, तिच्याशेजारी मुळात वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या संगीताचे ऑर्गनवरचे रूपांतर आणि शेवटी वाद्यवृंदासह एखादी सिंफनी, असा मेळ दिसतो. आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. काहींच्या मते अशी सरमिसळ केवळ सर्वांना खूश ठेवण्यासाठी केलेली असते आणि दोन तास नुसता बाख ऐकणे अधिक योग्य ठरेल. इतरांना विविधता हवी आहे, पण ती कशाच्या आधारावर निवडायची हे ठरत नाही. ही विविधता वाद्याच्या रचनेतूनच येते का, आणि येत असेल तर कोणती रचना वाद्याचा कोणता भाग उघड करते, हे जाणकारांनी सांगावे. सर्व रचना एकाच ऑर्गनवरच्या असाव्यात असा आमचा आग्रह नाही.

वसईचा_वादक

नमस्कार. मी वसईत आमच्या पॅरिशमध्ये रविवारच्या मिस्साला ऑर्गन वाजवतो. तो इलेक्ट्रॉनिक आहे, परंतु माझे शिक्षण पाइप ऑर्गनवर झाले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विविधता वाद्याच्या रचनेतूनच येते. आपण पेटीवाले आहात, तेव्हा खर्ज, नर आणि मादी हे सुरांचे संच आपल्या रोजच्या हाताखालचे आहेत. पाइप ऑर्गनमध्ये पाइपांच्या अशा संचाला स्टॉप म्हणतात आणि हाच हिशेब पाइपाच्या लांबीवरून फुटांत करतात: ८ फुटी स्टॉप म्हणजे नर, १६ फुटी म्हणजे खर्ज, ४ फुटी म्हणजे मादी; त्याखाली ३२ फुटी आणि वर २ फुटी, १ फुटी, शिवाय एका कळीला अनेक बारीक पाइप एकदम बोलवणारे मिक्श्चर. पेटीत सगळेच सूर पत्तीचे असतात. इथे बहुतांश पाइप बासरीप्रमाणे ओठावर हवा आपटून वाजतात आणि थोडेच पत्तीवर. त्यांची ढोबळमानाने चार कुळे आहेत: खास ऑर्गनचा असा भरीव, सरळ आवाज देणारे प्रिन्सिपल, गोल आवाजाचे फ्लूट, बारीक आणि काठदार आवाजाचे स्ट्रिंग, आणि ट्रंपेट किंवा ओबोच्या जातीचे रीड. फेस्टिव्हल हॉलच्या ऑर्गनमध्ये असे १०३ स्टॉप आणि चार कीबोर्ड आहेत. एकाच संगीतकाराच्या, एकाच काळातल्या रचना वाजवल्या, तर यांतले अनेक स्टॉप कार्यक्रमभर मुकेच राहतात. जीर्णोद्धारात कारागिराने तर प्रत्येक पाइपला हात लावलेला असतो.

म्हणून जीर्णोद्धारानंतरचा कार्यक्रम मी वाद्याची जाहीर परीक्षा समजतो, आणि परीक्षेचा पहिला प्रश्न म्हणून बाखची त्रिस्वरी सोनाटा ठेवतो. अशा सहा सोनाटा आहेत, बाखच्या रचनासूचीत ५२५ ते ५३० या क्रमांकांवर. उजवा हात एका कीबोर्डवर, डावा दुसऱ्यावर, पाय पायपट्ट्यांवर, आणि तिन्ही स्वरावली समान तोलाच्या व स्वतंत्र रंगाच्या. इथे लपायला जागाच नसते. एखादा पाइप बोलायला किंचित उशीर करत असेल, म्हणजे कळ दाबल्यावर आधी नुसती 'फस्' अशी हवा आणि मग सूर येत असेल, तर जलद स्वरसमूहात तेवढाच एक स्वर मागे राहिलेला लगेच ऐकू येतो. पूर्ण ताकदीने वाजणाऱ्या ऑर्गनमध्ये असे शंभर पाइप दडून जातात. माझी शिफारस चौथ्या सोनाटेची, ई मायनरमधल्या.

दुसरी रचना बाखचाच सी मायनर पासाकालिया, क्रमांक ५८२. आठ मात्रागटांचा एक विषय आधी एकट्या पायपट्ट्यांवर येतो, त्यावर वीस रूपे बांधली जातात आणि शेवटी त्याच विषयावर फ्यूग, म्हणजे एकेक आवाज तोच विषय घेऊन मागोमाग येणारी रचना, उभा राहतो. वादक त्या वीस रूपांमध्ये स्टॉप बदलत जाऊ शकतो, त्यामुळे एकाच रचनेत वाद्याचा अर्धा नकाशा श्रोत्यांसमोर येतो. ख्याल ऐकणाऱ्यांना ही रचना लवकर आपलीशी वाटेल, कारण स्थायी कुठे आहे हे कानाला शेवटपर्यंत कळत राहते.

फेस्टिव्हल हॉलच्या ऑर्गनला बाख विशेष शोभतो, यालाही कारण आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जाड, मऊ, एकजीव आवाजाच्या ऑर्गनची आवड होती, आणि डाउन्स यांनी त्याविरुद्ध जाऊन स्वच्छ, प्रत्येक आवाज वेगळा कळेल असे वाद्य मांडले. त्यावर तेव्हा मोठा वादही झाला. शिवाय ते सभागृह कोरडे म्हणून प्रसिद्ध होते, तिथे चर्चसारखी घुमी नव्हती, म्हणजे वाद्याला स्वतःच्या बळावरच उभे राहणे भाग होते.

रूपांतरे मात्र मी घेणार नाही. ऑर्गनसाठी लिहिलेले एवढे उत्तम साहित्य असताना वाद्यवृंदाची उसनवारी कशाला, असे माझे मत आहे.

ठाण्याचा_ध्वनिमुद्रक

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. बैठक ध्वनिमुद्रणांची असल्यामुळे दोन व्यावहारिक गोष्टी तेवढ्या जोडतो.

३२ फुटी स्टॉपचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे १६ आवर्तनांचा असतो. घरगुती स्पीकर साधारण ४० ते ५० आवर्तनांच्या खाली झपाट्याने क्षीण होतात. म्हणजे सभागृहात जे बाकावर बसल्याबसल्या अंगाला जाणवते, ते दिवाणखान्यात येतच नाही. येतात ते त्या स्वराचे वरचे अंश. रिचर्ड स्ट्राउसच्या 'आल्सो श्प्राख झाराथुस्त्रा'च्या आरंभी ऑर्गनचा जो खोल धरलेला स्वर आहे, तो आपल्या स्पीकरवर आधी लावून पाहावा. तो नुसता गुरगुरल्यासारखा वाटला, तर कोणाकडून तरी चांगला सबवूफर मागून आणावा.

दुसरी गोष्ट पंख्यांची. मंद स्ट्रिंग स्टॉपचा आवाज छताच्या पंख्याखाली पूर्ण बुडतो. जानेवारीची सकाळ निवडली आहे ते उत्तम झाले, पंखे बंद ठेवता येतील.

जीर्णोद्धारात नेमके काय करतात, हेही बैठकीत दोन वाक्यांत सांगावे. पाइपांची धातू शिसे आणि कथिल यांची असते व ती नीट राखली तर शतकानुशतके टिकते. आधी जाते ते चामडे. भात्यांच्या घड्यांवर आणि विद्युत-वायवी यंत्रणेतल्या शेकडो लहान झडपांवर चामडे असते, ते कालांतराने कडक होऊन चिरते, हवा गळू लागते आणि कळ दाबूनही काही स्वर बोलत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पेटीच्या भात्याचे काय होते हे जाणणाऱ्यांना अधिक समजावण्याची गरज पडणार नाही. सूर लावण्यातही एक अडचण असते: हवा तापली की ओठाचे पाइप चढतात, रीड मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात, त्यामुळे सभागृह श्रोत्यांनी भरल्यावर जे तापमान असणार आहे ते धरून रीड जुळवावे लागतात.

परळची_श्रोती

वसईच्या दादांचा प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे, परंतु रूपांतरांबद्दलचे त्यांचे मत मला पटत नाही. त्याआधी एक भर घालते.

कॉन्सर्ट हॉलमधील ऑर्गन दाखवायचा, तर कॉन्सर्ट हॉलसाठीच लिहिलेल्या रचना घ्याव्यात. १८७८ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्रोकादेरो राजवाडा उभारला, त्याच्या सभागृहात अरिस्तीद काव्हाये-कोल यांनी ऑर्गन बांधला, आणि त्याच वर्षी तिथे वाजवण्यासाठी सेझार फ्रांक यांनी तीन रचना लिहिल्या: फांतेझी, कांताबिले आणि 'पिएस एरोइक'. तो राजवाडा पुढे पाडला गेला. ऑर्गन आधी त्याच जागी उभ्या राहिलेल्या शायो राजवाड्यात गेला आणि १९७७ मध्ये लिऑन शहराच्या सभागृहात आला. तिथे त्याचा जीर्णोद्धार होऊन २०१३ मध्ये तो पुन्हा वाजू लागला. वाटेत त्यात बदल पुष्कळ झाले, तरी ज्या वाद्यासाठी रचना लिहिली त्याच्याच वारसाकडून ती ऐकण्याची अशी संधी क्वचित मिळते.

कांताबिले अवघी सहा-सात मिनिटांची आहे. तिच्यात मधुर रीडवर एक लांब, गाणारी स्वरावली चालते आणि बाकीचे स्टॉप खाली हलके धरून ठेवलेले असतात. ही स्वरावली लहानमोठी कशी होते याकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावे. ऑर्गनवर कळ जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही. काही पाइप एका बंद लाकडी कोठीत असतात, तिच्या दर्शनी बाजूच्या झडपा पायाने उघडल्या-मिटल्या की आवाज पुढे येतो आणि मागे जातो. जीर्णोद्धारानंतर या झडपा आवाज न करता, शेवटच्या बोटभर फटीपर्यंत मऊपणे मिटतात का, हे कळण्यासाठी फ्रांकसारखी दुसरी परीक्षा नाही.

आता रूपांतरे. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये १८५५ साली हेन्री विलिस यांचा ऑर्गन बसला आणि डब्ल्यू. टी. बेस्ट हे १८९४ पर्यंत तिथले ऑर्गनवादक होते. ग्रामोफोन आणि रेडिओ घरोघर पोचण्याआधीच्या त्या काळात, ज्या गावात कायमचा वाद्यवृंद नव्हता तिथल्या सामान्य माणसाला ऑपेराची प्रस्तावना किंवा सिंफनीचा भाग ऐकायला मिळे तो नगरगृहाच्या ऑर्गनवरच. म्हणजे रूपांतर ही या वाद्याच्या नागरी आयुष्याची मुख्य बाजू होती. तिला उसनवारी म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या वाद्यांमध्ये क्लॅरिनेट, ओबो, इंग्लिश हॉर्न यांची नक्कल करणारे स्टॉप मुद्दाम घातले जात, आणि जीर्णोद्धारात त्यांच्यावरही तेवढीच मेहनत घेतली जाते. ते वाजवायचेच नाहीत, तर जपायचे कशासाठी?

माझी अट एकच आहे की, रूपांतर अशाच वाद्यावर ऐकवावे. डाउन्स यांच्या स्वच्छ, काटेकोर वाद्यावर ते तितके खुलणार नाही. लंडनच्याच रॉयल अल्बर्ट हॉलमधील ऑर्गनवर ते खुलते: मूळ विलिस यांचा, १८७१ चा, विसाव्या शतकात हॅरिसन यांनी वाढवलेला आणि २००४ मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलेला, ९,९९९ पाइपांचा. कोणती रचना याबरोबरच ती कोणत्या वाद्यावर, हेही आपण पत्रिकेत लिहावे असे मी सुचवते.

वसईचा_वादक

ताई, नगरगृहांचा इतिहास हा मुद्दा बिनतोड आहे. अल्बर्ट हॉलच्या ऑर्गनवरचे एक रूपांतर असावे, हे मला मान्य आहे; तेही दहा मिनिटांच्या आत बसणारे असावे, म्हणजे मूळ ऑर्गन-साहित्याला जागा उरेल.

दादरचा_तबलजी

मी ऑर्गनचा जाणकार नाही, परंतु एका रचनेचा आग्रह धरतो, कारण तिचा धागा थेट आपल्या मातीतून जातो.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात १२० देशी ताल दिलेले आहेत. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांना या तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि त्यांनी तिचा जन्मभर अभ्यास केला. १९३५ मध्ये त्यांनी ऑर्गनसाठी ख्रिस्तजन्मावर नऊ भागांची 'ला नातिव्हिते द्यु सेन्यर' ही रचना लिहिली; तिच्या प्रस्तावनेत ते रागवर्धन या तालाचा उल्लेख करतात. सम विभागांच्या चालीत मध्येच एखाद्या स्वराला अर्ध्या मात्रेची भर घालायची आणि चाल किंचित लंगडवायची, ही त्यांची युक्ती तिथूनच बळावली. १९५१ च्या 'लिव्हर दॉर्ग'मध्ये तर देशी ताल उघडपणे, नावानिशी येतात, पण पहिल्या बैठकीला ती रचना जड जाईल.

'नातिव्हिते'चा शेवटचा भाग, 'द्यु पार्मी नू', आठ-नऊ मिनिटांचा आहे. आरंभी भरगच्च स्वरसमूह कोसळतात आणि पायपट्ट्यांवर एक स्वरावली वरून खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येते. शेवटी जलद, अखंड टोकाटा. गटातल्या लयीच्या जाणकारांना हाताने मात्रा मोजायला सांगा आणि मोजणी कुठे सुटते ते पाहा. आमच्या घरी आम्ही असेच केले, आणि मोजणी चुकलेल्या प्रत्येक जागेवर पुढे तासभर बोलणे झाले. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी लिहिलेल्या ग्रंथाचा प्रतिध्वनी पॅरिसच्या ऑर्गनमध्ये उमटतो, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या श्रोत्यांपर्यंत पोचली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

गिरगावची_पायपेटी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. त्यावरून बैठकीचा असा क्रम योजला आहे.

आरंभी भात्याविषयी आणि पाइपांच्या कुळांविषयी दहा मिनिटे बोलणे, तेही समोर पेटी उघडी ठेवून. मग चौथी त्रिस्वरी सोनाटा आणि पासाकालिया, शक्यतो फेस्टिव्हल हॉलच्या वाद्यावर. त्यानंतर लिऑनच्या ऑर्गनवर कांताबिले, अल्बर्ट हॉलवर एक रूपांतर आणि चहा. चहानंतर मेसियाँ, आणि त्याआधी तबलजींचे पाच मिनिटांचे निवेदन. दादरहून गिरगावात यायला त्यांनी होकार द्यावा, ही विनंती. शेवटी सॅं-साँसची तिसरी सिंफनी. १८८६ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीसाठी लिहिलेल्या या सिंफनीत ऑर्गनचा तो प्रसिद्ध गडगडाटी प्रवेश शेवटच्या भागात येत असला, तरी त्याच्या कितीतरी आधी, पोको आदाजिओ या संथ भागात, ऑर्गन तंतुवाद्यांखाली अगदी हळू पसरलेला असतो. मला खरी उत्सुकता त्या जागेची आहे.

दोन प्रश्न उरतात. लिगेटीची १९६२ ची 'व्हॉल्युमिना' घ्यावी, असा एका तरुण सभासदाचा आग्रह आहे. आणि वेळ कमी पडल्यास सोनाटेचा मधला भाग गाळावा का?

ठाण्याचा_ध्वनिमुद्रक

'व्हॉल्युमिना'चा आरंभ अवश्य ऐकवा, पूर्ण रचना नव्हे. वादकाने हातांनी शक्य तितक्या कळा एकदम दाबून धरायच्या आणि मग हवेचा पंखा सुरू करायचा, अशी तिची सुरुवात आहे. हवा भरत जाते तसतसा आवाज उमलतो. वायुपुरवठ्याचे काम इतके उघडे करून दाखवणारी दुसरी रचना मला माहीत नाही. ती मेसियाँच्या आधी नको, चहाच्या लगेच आधी ठेवा, म्हणजे तिच्यावर बोलायला वेळ मिळेल. मेसियाँचे ध्वनिमुद्रण निवडताना पॅरिसच्या त्रिनिते चर्चमधले मिळाल्यास पाहावे. मेसियाँ स्वतः १९३१ पासून हयातभर तिथले ऑर्गनवादक होते. मात्र ते चर्च आहे आणि बाकीची वाद्ये सभागृहांतली, हे श्रोत्यांना आधी सांगा, कारण घुमीतला फरक लगेच कानावर येईल.

वसईचा_वादक

मधला भाग गाळू नये. वेळ वाचवायचाच असेल, तर माझा पासाकालियाचा फ्यूग गाळा. सोनाटेचा तो आन्दान्ते बी मायनरमध्ये आहे आणि संथ आहे. संथ भागात दोन हातांचे स्वर एकमेकांवर पुरेसा वेळ टेकून राहतात, आणि ट्यूनिंगमध्ये केसभर फरक असेल तर त्या दोन स्वरांमधून लाट उठू लागते. आपण पेटीचे सूर लावताना ज्या लाटेकडे कान ठेवता तीच ही लाट. जलद भागांत पाइप वेळेवर बोलतात की नाही एवढेच कळते. ते एकमेकांशी जुळले आहेत की नाही, हे इथेच कळेल, आणि आपल्या गटाच्या कानांना तर ते सर्वांत आधी कळेल.